रेणुकादास सरांच्या कानातला भूकंप

वीरण्णांची चालू डाळमील भर दुपारी बंद पाडणारा माणूस म्हणून आमच्या ह्यांचं नाव अजूनही गल्लीत निघतं. हे म्हणजे रेणुकादास सर. लातुरात फिजिक्सचे क्लास घेणारे सर पुष्कळ, पण टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता राखणारे हेच एक, असं पालक म्हणायचे. ह्यांना त्याचा भारी अभिमान. पोरगं नुसतं खोकलं तरी हे खडू खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहायचे, आणि ते पोरगं पुढचा खोकला गिळून टाकायचं. मी ह्यांची बायको, इंदू. माझ्या तोंडाला मात्र ह्यांना कधी कुलूप घालता आलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आता मूळ दुखणं सांगते. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा आमची इरा नुकती चालायला लागली होती. पहाटे भांडी खडखडली, पलंग सरकला, मी इराला उचललं आणि "अहो उठा, उठा" असं ओरडत अंगणात पळाले. सगळी गल्ली बाहेर आली. हे आले नाहीत. हे झोपले होते. मी पोरीला वीरण्णांच्या बायकोच्या, शिवकांताबाईंच्या, हातात दिलं, परत आत गेले, ह्यांच्या अंगावरचं पांघरूण ओढलं, तर हे म्हणाले, "दूधवाला आला का?"

तिकडे किल्लारीकडे काय होऊन गेलं ते उजाडल्यावर कळलं, आणि मग कितीतरी दिवस कुणाला हसण्याचं भान नव्हतं. पण दिवस गेले, माणसं पुन्हा माणसांत आली, आणि गल्लीने "दूधवाला आला का?" हे वाक्य कायमचं ह्यांच्या माथी मारलं. हे वरवर हसायचे. झोप मात्र तेव्हापासून जी उडाली ती उडालीच. मांजराने ताटली हलवली तरी हे चपला घालून दारात उभे असायचे.

तशात सात-आठ वर्षं गेली. एका उन्हाळ्यात, बारावीचे पेपर संपून सीईटीची धांदल सुरू झाली होती तेव्हा, हे दुपारी पेपर वाचता वाचता थांबले.

"इंदू, हा आवाज कसला?"

"कुठला?"

"हूंऽऽ असा. लांब कुणीतरी दळत असल्यासारखा. ऐक ना."

मी ऐकलं. मला फक्त इराची शेंगदाणे खाण्याची मचमच ऐकू आली.

झालं. ह्यांच्यातला फिजिक्सचा सर जागा झाला. आवाज आहे म्हणजे उगम आहे, उगम आहे म्हणजे तो सापडलाच पाहिजे. आधी संशय फ्रिजवर गेला. फ्रिज बंद केला, दूध नासलं, आवाज तसाच. मग घड्याळातला सेल काढला. आवाज तसाच, आणि इराची शाळा बुडाली ती वेगळीच. मग कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवर आळ आला. लाईनमनला बोलावून आणलं. तो बिचारा वर बघत म्हणाला, "सर, सकाळधरनं लाईटच न्हाई. ट्रान्सफॉर्मर गुणगुणंल कशानं?"

हे म्हणाले, "मग वीरण्णाच."

वीरण्णांची डाळमील आमच्या मागच्या अंगाला. तुरीचे दिवस, लाईट नसली तरी मील जनरेटरवर दणादण चालू. हे तडक आत गेले, मी मागोमाग. वीरण्णांचा पुतण्या ह्यांच्या हाताखाली शिकून इंजिनियर झालेला, त्यामुळे ह्यांचा शब्द त्यांना मोडवेना. त्यांनी मोटार बंद केली. पट्टा थांबला. हमालांनी पोती खाली ठेवली. सगळे श्वास रोखून उभे. एवढी शांतता त्या मिलीत उद्घाटनाच्या दिवशीसुद्धा नसेल.

"येतोय," हे म्हणाले.

"सर, मील बंद, पट्टा बंद, हमाल गप. आता कोण आवाज करून राहिलं?" वीरण्णा रडकुंडीला आले.

ह्यांनी हळूहळू मान खाली घातली, स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "खालून येतोय."

आता हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. पण फिजिक्सचे सर म्हणतात म्हटल्यावर हमाल पोती टाकून घराकडे पळाले. संध्याकाळपर्यंत गल्लीतली झाडून सगळी बाजली मैदानात आली. आमच्या लातुरात एरवी कुणाच्याही कशालाही हसतील, पण जमीन वाजतेय असं कुणी म्हटलं की आधी पोरंबाळं बाहेर काढतील आणि हसायचं काम सकाळवर ठेवतील. त्यात उन्हाळा, बाहेर वारं छान. शिवकांताबाई तर म्हणाल्या, "सर, भूकंप येऊ दे न येऊ दे, झोप मातर बेस लागली." सगळ्यांना झोप लागली. ह्यांना नाही. हे बाजल्यांमधून कान लावत फिरत राहिले.

जमीन काही हलली नाही. चार-सहा दिवसांनी लोक कंटाळून आपापल्या घरात गेले. हे मात्र दिवसेंदिवस खंगत चालले. क्लासात तर आणखी कठीण. ज्या शांततेसाठी ह्यांचं नाव, त्या शांततेत तो हूंकार दुप्पट मोठा व्हायचा. समीकरण मांडता मांडता हे थांबायचे आणि भिंतीला कान लावायचे. सरांनी भिंतीला कान लावला की पोरं दप्तर सोडून बाहेर. असं दोन-तीनदा झाल्यावर क्लासचे मालक घरी आले, आणि फार गोड आवाजात म्हणाले, "सर, जूनपर्यंत आराम करा. जूनला बघू." त्या 'बघू'चा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. जूनला हे फळ्यासमोर उभे राहू शकले नाहीत तर तिथे दुसरं कुणी उभं राहणार. आणि ह्या माणसाला फळ्यासमोरून काढलं तर उरतं काय?

माझा धाकटा भाऊ राघवेंद्र नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात आहे. त्याने फोनवर सांगितलं, "ताई, भाऊजींना घेऊन इकडे ये. जागा बदलली की बरं वाटंल." इराला शिवकांताबाईंकडे ठेवून आम्ही एसटीत बसलो. आणि काय आश्चर्य, बस लातूरच्या बाहेर पडायच्या आत हे माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले. खिडक्या खडखडत होत्या, मागे कुणाच्या तरी पिशवीतली कोंबडी कलकलाट करत होती, पत्रा तर असा वाजत होता की कंडक्टर तिकिटाचे पैसे खुणेने मागत होता. हे थेट नांदेडच्या स्टँडवर जागे झाले. माझ्या साडीचा खांदा ओला.

"आवाज?" मी विचारलं.

"गाडीत नव्हता." मग थोडा विचार करून म्हणाले, "बरोबर आहे. रबरी टायर. जमिनीतली कंपनं वर येत नाहीत."

मी कपाळाला हात लावला. राघवेंद्रच्या क्वार्टरमध्ये पाय धुवायच्या आधी हे फरशीवर आडवे झाले आणि कान टेकवला. राघवेंद्र चहाचा ट्रे घेऊन तसाच उभा.

"काय करून राहिलात भाऊजी?"

"इथेही येतोय."

"अहो, यार्ड जवळ आहे. इंजिन असेल."

"इंजिन नाही. तोच आवाज आहे. लातूरचाच."

"लातूरचा आवाज नांदेडला कशानं आला? एसटीनं?"

राघवेंद्र थट्टेनं बोलला, पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी ह्यांच्यामागे जाऊन बसले आणि दोन्ही कानांत माझी बोटं गच्च घातली.

"आता? कमी झाला का वाढला?"

"वाढला," हे म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा पांढरा पडला. काही झालं तरी फिजिक्सचा माणूस. बाहेरचा आवाज कान बंद केल्यावर वाढत नाही, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. फरशीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे जमीन ठीक आहे."

"जमीन अगदी ठणठणीत आहे. तुम्ही ठीक नाही," मी म्हटलं, आणि आम्हा दोघा भावंडांना एवढं हसू आलं की चहा सांडायच्या आत राघवेंद्रच्या हातचा ट्रे मीच घेऊन खाली ठेवला. पण ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू तिथल्या तिथे विरलं. सगळ्या गल्लीला बाहेर झोपवणारा माणूस तो. फार लाजला होता.

दुसऱ्या दिवशी राघवेंद्र आम्हाला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी कानात बॅटरी मारून बघितलं, बंद खोलीत बसवून ऐकण्याची तपासणी केली आणि सांगितलं, "घाबरण्यासारखं काही नाही. बारीक आवाज थोडे कमी ऐकू येतात, त्याच्यासोबत हा कर्णनाद. गोळीने जाणारी वस्तू नाही. आमच्या राजकन्या मॅडमशी बोला, त्या ह्याचंच समुपदेशन करतात."

कर्णनाद हा शब्द ह्यांना आवडला. फिजिक्सच्या पुस्तकातल्या एखाद्या प्रकरणाचं नाव वाटलं असणार. समुपदेशन मात्र आवडलं नाही. "मी काय वेडा आहे?" असं जिन्यावरून जाताना दोनदा म्हणाले.

राजकन्या मॅडम म्हणजे बिलोलीकडची पोरसवदा मुलगी, दोन वेण्या घातल्या असत्या तर ह्यांच्या क्लासातली शोभली असती. तिच्या खोलीत टेबलफॅन खर्रखर्र चालला होता, खिडकीतून रिक्षांचे भोंगे येत होते.

हे बसता बसता म्हणाले, "तो फॅन बंद करा. जरा शांततेत बोलू."

"न्हाई सर. तो मुद्दाम लावलाय," ती म्हणाली. "आता सांगा, फॅनमधी आवाज किती येतोय?"

ह्यांनी कान दिला. मग अनिच्छेने म्हणाले, "येतोय. पण कमी."

"हां. शांतता तुमच्यासाठी वाईट हाय. कानाकडून थोडं कमी जातंय, म्हणून डोकं आपला आवाज वाढवून बसलंय. त्यात तुम्ही त्याला घाबरलात. घाबरलं की डोकं म्हणतं, ही कामाची गोष्ट दिसते, ह्याच्यावर नजर ठेवू. शेजारी नवं कुत्रं आणलं की पहिले काही दिवस त्याचं भुंकणं झोपू देत न्हाई. मग कळतं, हे चावत न्हाई. त्याच्यानंतर ते भुंकतंच, पण तुमची झोप मोडत न्हाई."

"कुत्र्याला हाकलता येतं," हे म्हणाले.

"ह्याला न्हाई येत. जाईल असा शब्द मी देत न्हाई. पण तुम्ही त्याला विसराल, एवढं सांगते."

तिने एकेक गोष्ट समजावली. घरात कायम हलका आवाज ठेवायचा, पंखा, कूलर, बारीक रेडिओ, पण कर्णनाद बुडवून टाकेल एवढा मोठा नाही. आवाजाने पकडलं की सावकाश श्वास सोडायचा आणि हातातल्या कामाकडे वळायचं. ठरल्या वेळी झोपायचं. क्लासला जायचं, घरी बसायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, आवाज आहे का नाही हे सारखं तपासत बसायचं नाही. हे मान डोलावत होते. आज्ञाधारक विद्यार्थी कसा असतो ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मग तिने सहज विचारलं, "सर, तुम्ही ऐकणं सोडलं तर काय होईल, असं वाटतं तुम्हाला?"

हे फॅनकडे बघत राहिले. मला वाटलं, काहीतरी फिजिक्स सांगतील.

"मग सांगणार कोण?" हे म्हणाले. आवाज एकदम बारीक. "त्या पहाटे मी झोपलो होतो. हिने पोरीला बाहेर काढलं आणि मला न्यायला परत आत आली. हलत्या घरात. भिंत पडली असती तर? माझ्या झोपेपायी?"

इतकी वर्षं मी समजत होते की ह्यांना गल्लीतली थट्टा लागली. मीसुद्धा ती थट्टा केली होती, पाहुण्यांसमोर, रंगवून. आणि हा माणूस ज्या भिंतीला धरून बसला होता ती पडलीच नव्हती, आणि पडली असती तर माझ्यावर पडली असती. मी पदराने नाक पुसलं आणि नाकात फॅनची धूळ गेली असं दाखवलं.

राजकन्याने आपली खुर्ची ह्यांच्याजवळ सरकवली. मग म्हणाली, "सर, ह्या आवाजाला जमिनीचं काही कळत न्हाई. तो तुमच्या कानाचा हाय. राखणीला ठेवायच्या कामाचा न्हाई तो."

हे ऐकून आम्ही लातूरला परत आलो. आणि इथे ह्यांनी जो घोटाळा केला तो फक्त लातूरचा माणूसच करू शकतो.

आवाज विसरायचा आहे ना? मग त्याचा अभ्यास नको? ह्यांनी भिंतीवर वेळापत्रक लावलं. पहाटे श्वास, मग कूलरशेजारी बैठक, मग रेडिओ. तिथपर्यंत ठीक होतं. पण लातुरात उजळणी आणि परीक्षा ह्यांच्याशिवाय काही शिकता येतं असं कुणाला वाटतच नाही. दर तासाला चाचणी. परीक्षक म्हणून इराची नेमणूक. तास झाला की इरा यायची आणि विचारायची, "बाबा, आवाज विसरलात का?"

हे डोळे मिटायचे, कान टवकारायचे आणि म्हणायचे, "विसरलो होतो बहुतेक. आत्ता आला."

"शून्य," इरा म्हणायची.

आठवड्यात ह्यांची पार रया गेली. जितकी चाचणी जवळ येई तितके हे घामाघूम. मग ह्यांनी उलट गुणपद्धत लागू केली, आवाज आला तर अर्धा गुण वजा, आणि ह्यांचे गुण शून्याच्याही खाली गेले. मग सराव चाचण्या वाढवल्या. इरा कंटाळून मैत्रिणींना घेऊन यायला लागली. वीरण्णा कधी येऊन बसले की हे त्यांनाही विचारायचे, "तुम्हाला येतो का हो काही?" वीरण्णा भला माणूस, डोळे मिटून मनापासून ऐकायचे. तिसऱ्या दिवशी घाबरेघुबरे होऊन आले. "सर, मलाबी हूं येऊन राहिलंय! आजपतूर कधी न्हवतं!" शिवकांताबाईंना तर दोन्ही कानांत दोन वेगवेगळे आवाज यायला लागले, आणि त्यांतला एक मंजुळ आहे असं त्या सगळ्यांना सांगत फिरल्या.

माझं डोकं सणकलं. ह्या वेगाने गेलं तर जूनपर्यंत सगळी गल्ली कान धरून बसली असती आणि ह्यांचा क्लास कायमचा गेला असता. मी ते वेळापत्रक टराटरा फाडलं, ह्यांना धरून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर नेलं आणि राजकन्याला फोन लावून सगळं सांगितलं. तिकडून किती तरी वेळ नुसतं हसणं ऐकू आलं. मग म्हणाली, "सरांना द्या."

ह्यांनी फोन घेतला. मी कान जवळ नेला.

"सर, परीक्षा रद्द."

"रद्द म्हणजे? पुढे ढकलली?"

"न्हाई. अभ्यासक्रमातूनच काढली."

"मग मी पास झालो हे मला कळणार कसं?"

"कळलं तर नापास, सर. ज्या दिवशी ह्याची आठवणच येणार न्हाई, त्या दिवशी तुम्ही पास. आणि निकाल तुम्हाला कुणी कळवणार न्हाई."

जन्मभर निकालावर जगलेला माणूस. फोन ठेवून बराच वेळ बूथच्या पायरीवर बसला. मग घरी येऊन इराला म्हणाला, "परीक्षक बरखास्त." ते एवढं उदास तोंडाने म्हणाला की इराने त्याला आपल्या वाटचा आंबा देऊ केला.

त्यानंतर हळूहळू फरक पडायला लागला. कूलर, बारीक रेडिओ, सावकाश श्वास. दुपारी आडवं होताना मागच्या बाजूने काहीतरी सलग चालू असलं की बरं वाटतं, असं ह्यांच्या लक्षात आलं. मग हे वीरण्णांकडे गेले आणि म्हणाले, "दुपारची मील चालू ठेवता का?"

वीरण्णांनी ह्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "सर, तुमी एकदा काय ते नक्की ठरवा."

दिवसाचं असं जमत आलं, पण रात्रीचं नाही. कूस बदलली की माझ्या लक्षात यायचं, हे जागे आहेत. आवाजाची भीती गेली होती, राखण सुटली नव्हती.

जून उजाडला. क्लासचे मालक म्हणाले, "पंधरा दिवस बघू." आणि दुसऱ्या एका सरांना, सहजच आल्यासारखं, ऑफिसात बसवून ठेवलं. पहिल्या दिवशी ह्यांनी मुलांना सांगितलं, "माझ्या तासाला आता आपसात बोललेलं चालेल. चर्चा करून गणितं सोडवा. हळू बोला, पण बोला." मुलं जागची हलली नाहीत. वरच्या वर्गातल्यांनी त्यांना ह्यांची ख्याती सांगून ठेवली होती. हा सापळा आहे, जो पहिला बोलेल त्याला बाहेर काढतील, असंच सगळ्यांना वाटलं. हे रोज "बोला" म्हणायचे आणि पोरं रोज जास्तच चिडीचूप बसायची. शेवटी ह्यांनी अडगळीतला एक जुना खुळखुळा पंखा काढून फळ्याशेजारी लावला आणि त्याच्या भरवशावर शिकवायला लागले. शिकवायचे चांगलं. पण डोळे लाल, आणि खुर्चीत बसले की मान लवंडायची. ऑफिसातल्या त्या सरांचं मात्र वजन वाढत होतं.

एका दुपारी मी ह्यांचा डबा घेऊन क्लासवर गेले. पत्र्याचा लांबलचक हॉल, पुढे मोकळं अंगण, अंगणात लिंबाचं झाड. मी फाटकाला हात लावला आणि फाटक हातातल्या हातात थरथरलं. हॉलचा पत्रा खुळखुळ वाजला. झाडावरचे कावळे एकदम उडाले. क्षणभरच, पण कळायचं ते कळलं. मी फाटक ढकललं.

हॉलचं दार उघडलं. मुलं बाहेर यायला लागली. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. औसा, निलंगा, किल्लारीकडची पोरं ती, जमीन हलली की काय करायचं हे लहानपणीच शिकलेली. त्यात सरांचा दरारा. सगळा वर्ग चप्पल न वाजवता अंगणात आला. आणि सगळ्यांत शेवटी खुर्ची आली. चार मुलं आणि दोन मुली मिळून खुर्ची उचलून आणत होती. खुर्चीत हे. मान एका खांद्यावर, तोंड उघडं, हातात खडू. गाढ झोपलेले.

त्यांनी खुर्ची अलगद लिंबाखाली ठेवली. मी धावत गेले. एका मुलीने ओठांवर बोट ठेवून मलाच दटावलं.

"श्श. सर झोपलेत."

"अगं, मग उठवायचं ना!" मी कशीबशी म्हणाले.

"उठवणारच हुतो काकू. पर सर किती दिसांनी झोपलेत. मग म्हणलं, उचलूनच न्यावं."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे वाहायला लागले. मी दोन्ही आवरायचा प्रयत्न केला नाही. सांगणार कोण म्हणून हा माणूस आठ वर्षं जागा होता, आणि ह्या पोरांनी सांगितलंच नव्हतं. खुर्चीसकट उचलून आणलं होतं.

ऑफिसातून मालक आणि ते दुसरे सर बाहेर आले. हे दोघे मात्र टेबलाखाली शिरले होते, हे त्यांच्या गुडघ्यांवरच्या धुळीवरून दिसत होतं. मालकांनी खुर्चीकडे बघितलं, खुर्चीभोवती उभ्या पोरांकडे बघितलं, आणि त्या सरांना म्हणाले, "तुम्ही निघा आता. काही लागलं तर कळवतो."

जमीन केव्हाच निवांत झाली होती. वाराही पडला होता. खुळखुळा पंखा आत राहिला होता. पोरं गोल करून, एकही शब्द न बोलता, सरांकडे बघत उभी होती. एवढ्या शांततेत ह्यांच्या कपाळावर बारीक आठी आली. पापण्या हलल्या. मी ती आठी ओळखते. आतला आवाज ह्यांना शोधत होता.

"अरे, गप्प काय उभे?" मी पोरांना म्हणाले. "बोला. मोठ्याने बोला. तुमच्या सरांना शांततेत झोप लागत नाही."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग एक मुलगा भीत भीत म्हणाला, "आमच्या मेसच्या वरणात आज डाळच नव्हती." दुसरा म्हणाला, "आमच्याकडं नुसती डाळच, मीठ न्हाई." एका मुलीला त्याचं हसू आलं. मग तिकडून कुणी गावाकडच्या म्हशीचं काढलं, कुणी खोलीच्या मालकिणीचं, आणि बघता बघता अख्खं अंगण आठवडी बाजारासारखं कलकलायला लागलं. रेणुकादास सरांच्या क्लासात एवढा गोंगाट कधी झाला नसेल.

ह्यांच्या कपाळावरची आठी मोडली. हातातला खडू मातीत पडला. मग हे घोरायला लागले, आणि मी डबा उघडून पोरांना वाटून टाकला, कारण हे जेवायला लवकर उठतील असं काही दिसत नव्हतं.